मुक्ताआक्काचं कार्ड

मुक्ताआक्काच्या पोस्टकार्डाला बाबुरावांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. ओव्हाळांच्या घरात असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

कार्ड लोणी काळभोरहून आलं होतं. आक्काचं अक्षर अजूनही फळ्यावर लिहिल्यासारखं, शेवटच्या बाकावरून दिसावं असं. "चि. बाबू, पोटाचं ऑपरेशन झालं असं कळलं. पोट मोठं असतं. नेमकं कुठे आणि कशाचं? पुढे काय ठरलं? उलट टपाली लिही. – मुक्ता."

आक्काशी फोनवर बोलून उपयोग नसे. तिचे कान गेले होते आणि कानाचं यंत्र लवंगांच्या रिकाम्या डबीत घालून ती कपाटात ठेवून देई. पण कान शाबूत असते तरी तिने कार्डच पाठवलं असतं. ती शिस्त दोघांच्या वडिलांची, आप्पांची. दारूगोळा कारखान्यात काम करून, रात्रीच्या वर्गात अक्षर गिरवून मोठे झालेले आप्पा म्हणत, तोंडी विचारलं की माणूस तोंडाला येईल ते सांगतो. म्हणून घरातला कुठलाही मोठा प्रश्न ते कार्डावर विचारत. खडकीच्या एकाच खोलीत शेजारी झोपणाऱ्या मुलाला त्यांनी सुंदराचं स्थळ पसंत आहे का, हे पोस्टाने विचारलं होतं. पोस्टमनने वाटेतच वाचून बाबुरावांचं अभिनंदन केलं होतं.

आणि आता हा प्रश्न. बाबुराव टेबलाशी बसत, पेनाचं टोपण काढत आणि परत लावत. सगळं आयुष्य सरकारी ग्रंथालयात गेलेलं. त्यांना नको झालेला तो आजाराचा शब्द त्यांनी किती पुस्तकांच्या पाठीवर स्वच्छ अक्षरात लिहिला असेल! पण तोच स्वतःच्या नावापुढे, तोही उघड्या कार्डावर? पोस्टमन वाचणार, लोणीच्या वाण्याकडे कार्ड पडलं तर तो वाचणार. बंद पाकिटात घालावं तर आक्का विचारणार, लपवण्यासारखं काय आहे रे? कदाचित आपण उगाच मोठं करतो आहोत, असंही त्यांना वाटे. मग तसं वाटल्याचीच लाज वाटे.

'पुढे काय ठरलं' याचं उत्तर तर त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. सोमवारी रेडिएशनच्या तयारीसाठी बोलावलं होतं. आणि बाबुरावांनी मनातल्या मनात ठरवलं होतं, जायचं नाही.

त्या रविवारी नारायण पेठेतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दोन्ही मुलं जमली ती मात्र वेगळ्याच भांडणासाठी.

"पप्पा माझ्याकडे राहतील," अनिरुद्ध म्हणाला. तो खराडीला राहायचा आणि कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. "माझ्या घरापासून हॉस्पिटल पंधरा मिनिटं. रोज सिटिंग आहे, मंडे टू फ्रायडे, पाच आठवड्यांच्या वर. रोज इथून ट्रॅफिकमधून नेणं प्रॅक्टिकल नाही."

"पंधरा मिनिटं रात्री दोन वाजता लागतात," कल्याणी म्हणाली. ती त्याची धाकटी बहीण, कर्वेनगरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. "आणि तू नि वहिनी दोघं दिवसभर बाहेर. पप्पा काय तुमच्या सोफ्याशी गप्पा मारणार? माझं कॉलेज दुपारी सुटतं. माझ्याकडे राहू देत."

"तुझ्याकडे पाहुण्यांना झोपायला जागा नाही, म्हणून गणपतीत मी घरी परत आलो होतो."

"तू घोरतोस म्हणून आलास."

सुंदराबाई स्वयंपाकघरात गुरगुट्या भात घोटत होत्या. दोघांचं ऐकून त्या पळी हातात घेऊनच बाहेर आल्या. "माणूस माझा आणि वाटणी तुमची चाललीय. ते कुठे जाणार नाहीत. इथूनच जातील."

"आई, तू एकटी कसं करशील?"

"आत्तापर्यंत कोण करत होतं? तुमचा व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप?"

सुंदराबाई परत आत गेल्या. खरं तर त्यांना माहीत होतं की त्याही काही करत नव्हत्या. ऑपरेशनमध्ये नवऱ्याच्या पोटावर शौचासाठी वाट काढून पिशवी लावली होती. ती काही महिन्यांनी काढणार होते. हॉस्पिटलातल्या नर्सबाईंनी पिशवी बदलायची कशी ते दोघांनाही शिकवलं होतं. घरी आल्यापासून मात्र हे न्हाणीघरात जात आणि आतून कडी घालत. आतून नळ सोडल्याचा आवाज येई. एवढी वर्षं एका ताटातलं खाल्लं, तरी ती कडी काही निघाली नव्हती. बंद दाराबाहेर उभं राहून "काही हवंय का?" एवढंच विचारणं त्यांच्या वाट्याला आलं होतं.

घंटा वाजली. कल्याणीने दार उघडलं, तर जिना चढून लाल झालेली मुक्ताआक्का, पांढरं पातळ, हातात गच्च भरलेली कापडी पिशवी.

"आत्या!"

"जय भीम. बाजूला हो, पिशवी जड आहे." आक्का आत आल्या, खुर्चीत बसल्या, श्वास खाली येईपर्यंत सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. शेवटी नजर भावावर आली. "उत्तर आलं नाही म्हणून मीच आले. पोस्ट बंद पडलं, की तुझा हात?"

बाबुराव उठून त्यांच्या पाया पडायला वाकले. पोटाला जपून, अर्धेच वाकले. आक्कांनी ते टिपलं. आयुष्यभर तिसरी-चौथीचे वर्ग सांभाळलेली बाई. पोराने पाय कुठे दुमडला, हे तिच्या डोळ्यांतून सुटत नसे.

पिशवीतून बाजरीच्या भाकऱ्या निघाल्या, हरभऱ्याची पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, काकड्या.

"आक्का, ह्यांना यातलं काहीच चालत नाही," सुंदराबाई म्हणाल्या.

"काय?"

"चालत नाही! पथ्य आहे!" सुंदराबाईंनी आवाज चढवला. "मऊ भात, ताक, गाळलेलं वरण!"

"असं कुठल्या ऑपरेशनला लागतं?" आक्कांनी अनिरुद्धकडे पाहिलं. "तू सांग. पोटात कुठे?"

अनिरुद्धने वडिलांकडे पाहिलं, मग पंख्याकडे. "खालच्या बाजूला, आत्या!"

"खालच्या म्हणजे? मी मुलांना शरीराचे अवयव शिकवलेत. नावं माहीत आहेत मला."

"म्हणजे... ते... आतड्याचा शेवट!"

"मोठ्याने!"

कल्याणीला हे सहन झालं नाही. ती आत्याच्या खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसली आणि वर्गात मागच्या मुलांना सांगावं तशा आवाजात म्हणाली, "गुदाशय! गुदाशयाचा कॅन्सर होता! ऑपरेशन करून काढला!"

स्वयंपाकघराची खिडकी इमारतीच्या मधल्या डक्टवर उघडत होती. डक्टमध्ये खालच्या कुणाच्या तरी घरी भांडी घासण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

बाबुरावांनी डोळे मिटले. कितीतरी दिवस जपलेली गोष्ट, एका दमात तीन मजले खाली गेली होती.

मुक्ताआक्कांना भांडी थांबल्याचं कळलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की भाचीच्या तोंडून ते नाव निघताच भावाचे खांदे आत गेले, लहानपणी शाळेत मोठ्याने वाचायला उभं केलं की जायचे तसे. त्यांनी पदराने चष्मा पुसला.

"काढला ना?" त्यांनी विचारलं.

"काढला!"

"मग झालं तर. आता कशाला जमलात सगळे?"

"सोमवारपासून लाईटची तयारी आहे!" अनिरुद्ध ओरडला. "रेडिएशन!"

"जे काढून टाकलं त्याला लाईट कशाला दाखवायची?"

"तेच म्हणतो मी," बाबुराव पुटपुटले.

आक्कांना ते ऐकू गेलं नाही. बाकीच्या तिघांना गेलं.

"काय म्हणालात, पप्पा?" कल्याणीने मान वळवली.

आता माघार घेणं जमलं असतं. बाबुरावांना माघारीची सवय होती. पण आक्का आपल्या बाजूने बोलली आहे या आधारावर त्यांनी सांगून टाकलं. "मी उद्या जाणार नाही. ऑपरेशन नीट झालंय. पुरे झालं एवढं."

कर्वेनगर आणि खराडीची युती त्याच क्षणी झाली. दोघं एकाच वेळी बोलायला लागले. अनिरुद्ध म्हणाला, रिपोर्ट वाचलाय का तुम्ही, आजूबाजूच्या दोन गाठींमध्येही सापडलाय. कल्याणी म्हणाली, आतडं अडलं म्हणून आधी ऑपरेशन करावं लागलं, नाहीतर लाईट आधीच दिली असती. अनिरुद्ध म्हणाला, जखम भरल्यावर फार थांबून चालत नाही. "आम्ही इथे तुम्ही कुठे राहणार यावर भांडतोय, आणि तुम्ही जाणारच नाही?"

"मला कोणी विचारलं होतं?" बाबुराव हळूच म्हणाले.

खरंच, कोणी विचारलं नव्हतं.

"काय चाललंय? मला सांगा!" आक्का म्हणाल्या.

कल्याणी पुन्हा गुडघ्यावर बसली. पेशी आणि ग्रंथी यातलं काहीच तिला आत्ता सुचेना. तिने विचारलं, "आत्या! खडकीच्या खोलीत ढेकूण झाले होते ना? तू सांगायचीस!"

"झाले होते म्हणजे? आम्हीच त्यांच्याकडे राहायला होतो."

"आप्पांनी काय केलं?"

"खाट जाळली."

"मग गेले ढेकूण?"

"छे! भिंतीच्या फटीत अंडी असतात. आप्पांनी रोज कामावरून आलं की पिचकारीने फटीफटीत रॉकेल..." आक्का थांबल्या. त्यांनी भावाकडे पाहिलं, मग भाचीकडे. "बरोबर. खाट जळली, भिंत राहिली."

"तेच! लाईट म्हणजे ते रॉकेल! रोज थोडं थोडं!"

"रोज? रविवारी पण?"

"शनिवार-रविवार सुट्टी!"

"मग सरकारी काम आहे. सवयीचंच की तुला, बाबू." आक्का बाबुरावांकडे वळल्या. त्यांची एकुलती एक साथीदार अशी क्षणात पलीकडे गेली. "आता मला सांग, तुझी अडचण काय? दुखतं का त्याने?"

बाबुरावांनी मान हलवली. नाही.

"भीती वाटते?"

थोडी वाटत होती. पण अडचण ती नव्हती. त्यांनी परत मान हलवली.

"मग?"

बाबुराव काहीतरी बोलले.

"ओठ हलताना दिसतात, शब्द येत नाहीत. मोठ्याने बोल."

ते पुन्हा बोलले. थोडं मोठ्याने. सुंदराबाई दारात उभ्या होत्या. त्यांना ऐकू आलं, आणि त्यांनी पळी ओट्यावर ठेवून दिली.

"बाबू, वर्गात काय शिकवलं मी तुला? सरळ उभा राहा आणि मोठ्याने!"

आणि मग बाबुराव ओव्हाळ, ज्यांनी ग्रंथालयात कुणाला 'शांतता राखा' म्हणायचं तरी पाटीकडे बोट दाखवलं, ते खरोखरच उभे राहिले आणि ओरडले, "लाज वाटते मला! पालथं झोपवतात! कपडे खाली करून! तिथे अनोळखी मुलं-मुली उभी असतात, आणि मागे शाईने खुणा करतात! माझ्याच्याने नाही होणार! लाज वाटते!"

डक्टमध्ये कुठलासा कुकर एक शिट्टी देऊन थांबला. मग खालच्या मजल्यावरच्या सलिल गद्र्यांचा शांत आवाज वर आला. गद्रे निवृत्त इंजिनिअर होते आणि एरवी आठवड्यातून एखादंच वाक्य बोलत.

"बाबुराव, लाज वाटते ते कळलं. मधलं जरा तुटलं. पुन्हा सांगता का?"

सगळ्यात आधी सुंदराबाई हसल्या. तोंडावर पदर घेतला तरी हसू आवरेना. मग कल्याणी, मग अनिरुद्ध. बाबुराव तसेच उभे होते, मानेच्या शिरा अजून फुगलेल्या. आणि त्यांना स्वतःलाच कळेना, हे पोटातून वर येतंय ते काय आहे. टाके दुखतील म्हणून एक हात पोटावर धरून ते हसायला लागले.

आक्कांना गद्रे ऐकू आले नव्हते. त्यांनी फक्त सगळ्यांना हसताना पाहिलं. भाऊ हसताना अजूनही वरचा ओठ दातांवर ओढून घेतो, हे त्यांना किती दिवसांनी दिसत होतं.

"आक्का," सुंदराबाई डोळे पुसत त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाल्या, "ते यंत्र लावून आला असतात तर हे सगळ्या इमारतीला कळलं नसतं!"

"मग ह्याने सांगितलंही नसतं," आक्का म्हणाल्या.

जेवणं झाली. भाकरी आणि पालेभाजी दोन्ही मुलांनी संपवली. उन्हं कलल्यावर आक्का बसला निघाल्या. बाबुराव दारापर्यंत गेले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काही सांगणार, तोच आक्कांनी हात वर केला.

"मला आत्ता नको. मी कार्डाने विचारलंय, कार्डानेच दे. विचार करून दे."

जिन्यात आक्कांना गद्रे भेटले. त्यांनी पिशवी हातातून घेतली आणि न बोलता स्टॉपपर्यंत पोहोचवली.

सोमवारी सकाळी कल्याणी न्यायला आली तेव्हा बाबुराव इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. येणार का, असं विचारायचं तिने वाटेत ठरवलं होतं. शर्ट पाहून तिने विचारलं नाही.

"काल ओरडल्यावर," ते जिना उतरताना म्हणाले, "आता झाकायला उरलंय काय?"

हॉस्पिटलात पहिली परीक्षा पाण्याची होती. लघवी करून यायचं, मग भरपूर पाणी प्यायचं आणि आत बोलावेपर्यंत धरून बसायचं. मूत्राशय भरलं की लहान आतडं वर सरकतं, त्याला लाईट लागत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. बाबुराव बाटली संपवून ताठ बसले. आत आधीच्या माणसाला उशीर होत होता. कल्याणीने पाहिलं, वडील भिंतीवरचा पाणी वाचवण्याचा फलक एकाग्रतेने वाचताहेत.

"पप्पा, जमतंय ना? नाहीतर सांगू का त्यांना?"

"नको, मीच सांगतो." आणि ते खरंच उठून नोंदणीच्या खिडकीशी गेले. सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला फार वेळ धरवणार नाही. लवकर घेतलंत तर बरं होईल."

बाकांवरून सहानुभूतीची कुजबुज झाली. एक गृहस्थ म्हणाले, "आमचाही आवाज त्यात धरा."

आत थंडी होती. मधोमध पोकळी असलेल्या फळीवर त्यांना पालथं झोपवलं. पोट आणि पिशवी त्या पोकळीत अलगद बसली. निशा नावाची एक टेक्निशियन मुलगी होती आणि एक मुलगा. "काका, मान कुठे वळवायची ती वळवा, मग हलायचं नाही." कपडे खाली सरकले. बाबुरावांनी श्वास धरला आणि ज्या क्षणाची इतके दिवस धास्ती घेतली होती त्याची वाट पाहू लागले.

"दोन मिलिमीटर डावीकडे," निशा म्हणाली.

"आता?"

"थोडं परत. हं, लेझर बरोबर आला."

कमरेच्या हाडाजवळ थंड शाई लागली, एकदा एका बाजूला, एकदा दुसऱ्या. "तू दुपारचा डबा आणलायस का?" मुलाने विचारलं. "आज घरून वांगं दिलंय," निशा म्हणाली. "तुला नको असेल तर मला दे," तो म्हणाला.

बाबुराव पालथे पडून ऐकत राहिले. त्यांना पाहत कोणीच नव्हतं. दोघंही रेषा पाहत होते. इतकी वर्षं आपण फारच महत्त्वाचे आहोत अशी समजूत करून घेऊन लाजत होतो की काय, असा प्रश्न त्यांना पडला. उत्तर शोधायच्या आत निशा म्हणाली, "झालं काका. उठा, आणि आधी बाथरूमला जाऊन या."

घरी जाताना सूचना मिळाल्या. खुणांवर साबण लावायचा नाही, घासायचं नाही, आणि फिकट होताहेत का ते रोज बघायचं. घरी आल्यावर बाबुराव न्हाणीघरात गेले. आरशाशी बरीच कसरत केली. मागचं काहीच दिसेना. बाहेर सुंदराबाईंना नेहमीसारखा नळाचा आवाज आला, मग बंद झाला.

मग कडी निघाली.

"अगं, जरा इकडे येतेस का? मला दिसत नाहीये."

सुंदराबाई आत गेल्या. चष्मा लावला, वाकल्या. "आहेत की. जांभळ्या. एकीकडची जरा ठळक आहे." मग त्यांची नजर पिशवीकडे गेली. "हे असं कडेने सुटलंय. रोज असंच लावता का?"

"मला वाटलं बरोबर लावतो."

"नर्सबाईंनी काय शिकवलं होतं? थांबा, मला लावू द्या. हात बाजूला घ्या."

त्यांनी हात बाजूला घेतला.

लाईट सुरू झाली. जायचं नारायण पेठेतूनच, असं सुंदराबाईंनी जाहीर केलं. मुलांनी दिवस वाटून घेतले, आणि उरलेल्या दिवशी गद्रे न बोलता गाडी काढत. पहिल्या सुट्टीच्या शनिवारी बाबुराव एकटे पोस्टात गेले. खिडकीतून एक कार्ड घेतलं. समोरच अंतर्देशीय पत्रंही ठेवली होती, निळी, चिकटवून बंद करायची. त्यांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग कार्ड घेऊन दोरीला बांधलेल्या पेनाशी उभे राहिले.

"ती. आक्कास, जय भीम. उत्तराला उशीर झाला. मला गुदाशयाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन करून काढला. पोटावर पिशवी आहे, ती काही महिन्यांनी जाईल. तोवर सुंदरा लावून देते, माझ्यापेक्षा नीट लावते. आता रोज लाईट घ्यायला जातो. सोबत गोळ्या आहेत, थोडी मळमळ होते. पालथं झोपावं लागतं. दुखत नाही. शेजारच्या बाकावरचे एक जण रोज माझ्यासाठी जागा धरतात. लाज अजून वाटते, पण निघायला उशीर होईल इतकी वाटत नाही. तुझा, बाबू."

लिहून होताना त्यांना जाणवलं की मागे रांगेतली एक बाई मान लांब करून वाचते आहे. हात आपोआप कार्डावर गेला. बाबुरावांनी तो उचलला.

"झालं का वाचून?" त्यांनी विचारलं.

बाई गोरीमोरी झाली. "नाही हो, मी आपली सहज... शेवटची ओळ राहिली."

बाबुरावांनी कार्ड तिच्यापुढे धरलं. तिचं वाचून होईपर्यंत थांबले, आणि मग पेटीत टाकलं.